गाडी आपल्या नावावर, तेल कुणी पाहायचं?

(अकोले तालुक्यात कार्यकर्त्या मैत्रिणींसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्या सत्रापुढे 'वाहनाची देखभाल' असं लिहिलं आहे. ते वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघी म्हणाल्या, "ताई, आम्हाला गाडी चालवायला येत नाही, आम्ही त्या वेळात जरा पाठ टेकतो." मी म्हटलं, टेका, पण इथंच, मागच्या सतरंजीवर. कारण आज जे बोलायचं आहे ते गाडी चालवणारीपेक्षा गाडीचं बिल भागवणारीच्या जास्त कामाचं आहे.

आधी हात वर करा. घरातला ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, स्कूटर, काहीही असो, जिच्या नावावर गाडी आहे तिनं. बऱ्याच आहात की! आता यातल्या किती जणींनी स्वतः बॉनेट उघडून इंजिन ऑइलची पट्टी बाहेर काढून पाहिली आहे? चार. त्यातल्या दोघी आमच्याच मंडळाच्या.

लाजवायला विचारत नाही मी. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण किती झगडलो ते आठवा. शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम झाली. १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं, त्याच वर्षी वारसा कायद्यात महाराष्ट्रानं दुरुस्ती केली आणि मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा दिला. नावं लागली, पूर्ण नाही तरी लागली. पण नाव लागलं आणि कारभार दुसऱ्याच्याच हातात राहिला, ही गोष्ट आपल्याला जमिनीच्या बाबतीत चांगली ठाऊक आहे. गाडीचंही तेच. आरसी बुकावर सुनेचं नाव, आणि ट्रॅक्टरला काय झालंय हे सांगणार मिस्त्री, ते ऐकणार दीर, आणि पैसे द्यायला सून.

आपल्या जिल्ह्याला गाड्यांचं वावडं नाही. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, तेवढं सांभाळून घ्या. नगरला लष्कराची रणगाड्यांची शाळा आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लष्करी वाहनं तपासणारी आणि घडवणारी सरकारी संशोधन संस्था आहे. लुनाही आपल्या नगरच्याच कंपनीची. किनेटिक इंजिनिअरिंगनं ती १९७२ च्या सुमारास बाजारात आणली. पुढे शिक्षिका, नर्स, ग्रामसेविका अशा किती बायका आयुष्यात पहिल्यांदा बसल्या त्या लुनावर. त्या पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावं लागायचं. म्हणजे इंजिनाच्या ऑइलशी आपली ओळख जुनीच आहे. फक्त चार चाकं आली की आपण मागं सरकतो.

आता आमच्या जीपची गोष्ट सांगते. मला आज खरं बोलायचं आहे ते हेच, आणि त्यात माझी स्वतःची चूक आहे.

१९९६ साली आमच्या मंडळानं एक जुनी डिझेल जीप घेतली. काही पैसे देणगीचे, काही बचत गटांनी उसने दिलेले. आमचं काम राजूरच्या वरच्या अंगाला, शेंडी, रतनवाडी, घाटघर, इकडे पाचनईपर्यंत. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, पावसाळ्यात इथं आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात रस्त्यावर घोटाभर फुफाटा. तेव्हा अनेक वाड्यांना रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. त्यावरून आमची जीप जायची.

ड्रायव्हर सुरुवातीला गावातलाच एक जण ठेवला. माणूस वाईट नव्हता. पण रात्री कुठल्या बाईला कुठं नेऊन सोडलं, हे सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत व्हायचं. त्या वेळी घरगुती हिंसाचाराचा कायदा नव्हता. तो २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याआधी मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला 'मी याच घरात राहणार' असं म्हणायला सोपा कायदेशीर रस्ता नव्हता. तिला काही दिवस लपवणं हाच पुष्कळदा पहिला उपाय असायचा. आणि बाईला लपवायचं तर गाडी कुणाच्या हातात आहे हा पहिला प्रश्न आला.

म्हणून आम्ही ठरवलं, गाडी बाईच चालवेल. आमच्यातली एक विधवा बाई तयार झाली. तिनं नाव सांगू नको म्हटलंय, म्हणून आपण तिला आक्का म्हणू. चौतिसाव्या वर्षी ती साक्षरता वर्गात लिहायला शिकली आणि छत्तिसाव्या वर्षी तिनं गाडीचं लायसन काढलं. रात्री-अपरात्री, पावसात, बाळंतिणीला घेऊन, कधी मागं मोटरसायलवर नवरा लागलेला असताना, आक्कानं ती जीप चालवली. एकदाही कुणाचा पत्ता फुटला नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात जीप चढावर ओढेना. निळा धूर ओकायला लागली, ऑइल खायला लागली. एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीनं इंजिन खोललं, सांगितलं, रिंगा-पिस्टन गेले, लायनर झिजले, सगळं इंजिन बांधावं लागेल. खर्च ३१,००० रुपये. आणि वर म्हणाला, "बाईमाणसाच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय होणार? चुकीच्या गिअरला ओढलीय, रेस केलीय."

मंडळाची बैठक बसली. गटांचे पैसे होते, बायका चिडलेल्या होत्या. आक्का कोपऱ्यात बसून एवढंच म्हणाली, "मी नीट चालवली." मी अध्यक्ष होते. मी काय केलं? ज्या बायांसाठी रात्रभर जागलो त्यांच्यासमोर मी म्हणाले, "मिस्त्रीला कळतं त्यातलं. आक्का, आपण काही दिवस दुसरा ड्रायव्हर बघू." इतकंच. आवाज चढवला नाही की काही नाही. पण नवऱ्यानं सांगितलं म्हणून बायकोवर विश्वास न ठेवणाऱ्या सासूला आपण बोल लावतो ना, त्या दिवशी मी तीच होते. आक्कानं किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

आता इथं थांबते आणि तेलाकडे येते, कारण पुढची गोष्ट तेलातूनच कळली.

इंजिनात ऑइल असतं ते फक्त वंगण म्हणून नव्हे. ते लोखंडावर लोखंड घासू देत नाही, हे झालंच. शिवाय ते उष्णता वाहून नेतं, रिंगा आणि लायनरमधली फट भरतं, गंज धरू देत नाही आणि आतला मळ स्वतःत धरून ठेवतं. हे शेवटचं काम महत्त्वाचं. इंजिनात जे काही झिजतं, जे बाहेरून आत शिरतं, ते सगळं ऑइलमध्ये येतं. गावात काय चाललंय ते पाणवठ्यावर कळतं, तसं. दवाखान्यात रक्त तपासतात, तसं ऑइल तपासता येतं. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न नावाच्या रेल्वेनं १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांचं वापरलेलं तेल असं तपासायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ही तपासणी होते. इंजिन न खोलता आत काय बिघडतंय ते कळावं, एवढाच हेतू.

प्रयोगशाळेत जायच्या आधी घरी काय पाहता येतं ते सांगते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी काढा, चिंधीनं पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. वरच्या खुणेच्या वर भरलं तर जास्त चांगलं, असं नाही. ऑइल फेसाळतं, सीलमधून बाहेर येतं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पातळी आपोआप वाढली तर काय समजायचं? आनंद मानायचा नाही. वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑइल बोटांवर पाण्यासारखं पातळ लागलं, तर नोझल किंवा पंपातून डिझेल इंजिनात उतरतंय. ती गाडी चालवू नका.

ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी आहे. हेड गॅस्केट फुटलेलं असू शकतं. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते बघा. थंडीत थोडं थोडं अंतर गाडी चालवली तर नुसत्या बाष्पानंही झाकणाखाली पांढरा साका धरतो, त्यानं घाबरायचं नाही. शंका असेल तर पत्र्याचं एक झाकण चुलीवर चांगलं तापवा, खाली उतरवा, मग लांबून चमच्यानं एक थेंब ऑइल टाका. तडतडलं तर पाणी आहे. तोंड बाजूला, डोळ्याला चष्मा, आणि भाकरीचा तवा अजिबात नाही. हे घराबाहेर करायचं.

आणि काळं ऑइल? मिस्त्री पट्टी काढतो, बोट काळं करून दाखवतो, "बघा ताई, डांबर झालंय!" आणि आपण पैसे काढतो. बायांनो, डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. ते काजळी धरून ठेवतंय म्हणून काळं झालं. ते त्याचं कामच आहे. काळेपणावरून काही ठरत नाही. ठरवायचं तर टिपकागद घ्या. पेल्याच्या काठावर तो आडवा ठेवा, म्हणजे खाली काही टेकणार नाही, आणि गरम इंजिनातल्या ऑइलचा एक थेंब मध्यभागी टाका. काही तासांनी पाहा. काजळी एकसारखी करडी होत दूरवर पसरली असेल तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मध्येच डांबराचा घट्ट ठिपका, कडा रेखल्यासारखी, बाहेर काही सरकलंच नाही, तर ऑइलची मळ वाहून नेण्याची ताकद संपली. तो कागद तारीख आणि किलोमीटर लिहून वहीत चिकटवा. एका कागदावरून फार कळत नाही. चार कागद शेजारी लागले की कळतं. अंगणवाडीत बाळाचं वजन एकदा करून काय कळतं? तक्ता भरत गेलं की रेघ वर चाललीय का खाली, ते दिसतं.

ऑइल बदलताना फिल्टर फेकू नका. करवतीनं कापून आतला कागद पसरा, लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड. न चिकटणारी पांढरी चमक बहुधा ॲल्युमिनियमची किंवा बेअरिंगच्या धातूची, पिवळी-तांबूस असेल तर बुशची. चिमूटभर बारीक भुकटी प्रत्येक इंजिनात निघते. डोळ्यांना दिसणारे तुकडे निघाले, तर मात्र मिस्त्रीच्या आधी तुम्ही बोला.

आता परत जीपकडे. इंजिन बांधून आलं. नवा ड्रायव्हर, पुरुष, त्याचाही जुना अनुभव. तीनेक महिन्यांनी नगरहून एक गृहस्थ आमच्या गावी पाहुणे म्हणून आले होते, लष्करातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. जीपबद्दल बोलणं निघालं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुनं ऑइल कुठंय?" आमच्या एका सभासद बाईनं चौकटीच्या वाळवीसाठी ते डब्यात भरून नेलं होतं, ते तसंच पडलं होतं. काकांनी दोन बोटांत चोळलं आणि मला म्हणाले, "ताई, चोळा." कचकच लागली. रांगोळीसारखी. पण लगेच त्यांनीच बजावलं, की डबा स्वच्छ होता कशावरून? यावरून काही सिद्ध होत नाही. आत्ता गाडीत जे ऑइल आहे त्याचा नमुना घेऊ.

नमुना कसा घ्यायचा तेही ऐका, कारण चुकीचा नमुना पाठवण्यापेक्षा न पाठवलेला बरा. इंजिन गरम पाहिजे, म्हणजे गाळ खाली बसलेला नसतो. चेंबरचा नट पुसून सोडायचा, पहिली धार जाऊ द्यायची, मधल्या धारेतून स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्यायचं. औषधाची धुतलेली बाटली ओली असेल तर पाणी आहे असाच अहवाल येणार! बाटलीवर तारीख, गाडीचे किलोमीटर, हे ऑइल किती किलोमीटर चाललं, कुठल्या ग्रेडचं, मध्ये किती भर घातली, हे लिहायचं. आणि जमलं तर त्याच नव्या ऑइलची छोटी बाटली सोबत द्यायची, तुलना करायला.

आम्ही दोन्ही बाटल्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दिल्या. अहवाल आला एका पानाचा, सगळे आकडे. दहा लाखांत किती भाग लोखंड, किती तांबं, शिसं, ॲल्युमिनियम, क्रोमियम, सिलिकॉन. शिवाय ऑइलचा घट्टपणा, पाणी आहे का, डिझेल आहे का. मला वाटलं होतं हे आपल्या डोक्यावरून जाणार. पण वाचायची रीत कळली की रेशनच्या पावतीपेक्षा अवघड नाही. लोखंड म्हणजे लायनर आणि इतर पोलादी भाग. क्रोमियम बहुधा रिंगांचं. ॲल्युमिनियम पिस्टनचं. शिसं-तांबं बेअरिंग-बुशचं. आणि सिलिकॉन? सिलिकॉन म्हणजे माती. दगड, वाळू, आपला फुफाटा, यात सिलिकॉन भरलेलं असतं. नव्या ऑइलमध्येही ते थोडं असतं, गॅस्केटला लावतात त्या चिकट लुगदीतूनही येतं, म्हणून नवं इंजिन बांधल्यावर थोडं जास्त दिसलं तर लगेच बोंब मारायची नाही. पण आमच्या अहवालात सिलिकॉन नव्या ऑइलच्या कितीतरी पट होतं आणि त्याच्या जोडीनं लोखंड, ॲल्युमिनियम, क्रोमियम सगळं चढलेलं. माती आत जाते, रिंग आणि लायनरच्या मध्ये येते आणि जात्यासारखी दळते. नवं बांधलेलं इंजिन तीन हजार किलोमीटरमध्ये परत झिजायला लागलं होतं.

त्या तीन हजार किलोमीटरमध्ये आक्कानं स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता.

काकांनी एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढला. वरून धडधाकट. उलटा केला तर खालच्या अंगाला वळणावर बोटभर चीर, आणि आतून मातीचा पट्टा, ओढ्यानं गाळ टाकावा तसा. म्हणजे फिल्टर बदलत होतो, त्याचे पैसे देत होतो, आणि हवा फिल्टरला वळसा घालून चिरेतून आत जात होती. इंजिन बांधताना गॅरेजनं तोच पाइप परत बसवला होता. नवा पाइप आणि दोन क्लिपा बसवल्या, ऑइल बदललं, पुढच्या तीन हजारांना पुन्हा नमुना दिला. सिलिकॉन खाली आलं, लोखंडही आलं. ३१,००० रुपयांच्या मुळाशी एक रबरी पाइप होता.

मग मी काय केलं, तर गाडीची वही काढली. आक्का प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची, मोठ्या, वाकड्या अक्षरात, एकेका ओळीला दोन ओळींची जागा. इंजिन जायच्या आधीच्या महिन्यांत तीन ठिकाणी लिहिलं होतं, 'गाडी शिटी मारते.' एका ठिकाणी, 'चढाला शिटी. मिस्त्रीला सांगने.' चिरेतून हवा ओढली जात होती, त्याचा तो आवाज. तिनं ऐकला होता, लिहिला होता. साक्षरता वर्गाच्या समारोपात आम्ही भाषणं केली होती, की बाई लिहायला लागली की तिचा आवाज पोचतो. वही माझ्या कपाटात होती. मी फक्त डिझेलचे आकडे बघायचे.

मी तिच्या घरी गेले. अहवाल नेला, पाइप नेला, वही नेली. तिनं पाइप हातात घेऊन चीर पाहिली, बोट घातलं. म्हणाली, "हां, हीच शिटी." बाकी काही नाही. चहा केला. मी माफी मागितली, ती म्हणाली, "असू द्या ताई." मंडळाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर परत माफी मागितली, तेव्हा ती आली नव्हती. मंडळाची जीप तिनं पुन्हा चालवली नाही. दिराच्या ट्रॅक्टरवर नांगरटीची कामं घ्यायला लागली, पुढे स्वतःचा जुना ट्रॅक्टर घेतला. त्याचं ऑइल ती स्वतः बदलते. उद्याच्या सत्राला ये म्हणून मी तिला निरोप दिला आहे; येईल की नाही सांगता येत नाही, पेरणीचे दिवस आहेत.

त्यानंतर आम्ही नियम केला. वहीतलं अक्षर न् अक्षर दर सोमवारी दोघीजणींनी मोठ्यानं वाचायचं. आवाज, वास, धूर, काय वाटलं ते सगळं. 'वाटलं' हा शब्दही चालतो. आणि इंजिनाबद्दल कुणी ठाम बोललं, बाई असो वा बुवा, तर विचारायचं, तेलात दिसलं का?

धुळीबद्दल थोडं आणखी, कारण पारनेर, पाथर्डी, शेवगावकडून आलेल्या मैत्रिणींकडे मळणीयंत्र, रोटाव्हेटर यांची धूळ आमच्यापेक्षा जास्त. कागदी फिल्टर धुवायचा नाही, दगडावर आपटायचा नाही. हवा मारायची तर हलकी आणि आतून बाहेर. उगाच रोज उघडायचाही नाही, दर उघडण्याला थोडी धूळ आत पडते. जुन्या ट्रॅक्टरला तेलाची वाटी असलेला एअर क्लिनर असतो. त्या वाटीत तळाशी चिखल बसला की वाटी साफ करून नवं तेल खुणेपर्यंत. पाइप फुटलाय का हे ओळखायला सोपी युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून फिल्टरच्या पुढच्या पाइपला आतून बोटानं ग्रीसचा अगदी पातळ हात लावा, आठवड्यानं पाहा. ग्रीसवर माती चिकटली असेल तर हवा चोरवाटेनं येतेय. मग ते ग्रीस पुसून काढा.

ओढ्यातून गाडी घातली असेल तर दुसऱ्या दिवशी पुढच्या-मागच्या आक्साचं आणि गिअरबॉक्सचं ऑइलही पाहा. गरम आक्स गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. पांढरं झालं असेल तर बदला. इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारूच नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइल विकत घेताना सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यायचा आणि रिकामा झाल्यावर त्याला खिळ्यानं भोक पाडायचं. रिकामे डबे विकत घेऊन त्यात गाळलेलं जुनं ऑइल भरणारे आहेत. कोणतं ऑइल हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल तर दुसऱ्या गाडीच्या मालकाला विचारून नव्हे, त्या मॉडेलचं पुस्तक मिळवून ठरवा. ट्रॅक्टरचं ऑइल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतात.

आणि एक बोलायचंच आहे. जळलेल्या ऑइलमध्ये कातडीच्या कॅन्सरला कारण ठरणारी द्रव्यं असतात. ते जनावरांच्या खरजेवर लावतात, चुलीत ओततात, वाळवीला मारतात, उरलेलं विहिरीच्या कडेला. एवढंसं ऑइल किती पाणी नासवतं! कायद्यानंही ते धोकादायक कचऱ्यात येतं, ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. पण मी वेगळंच म्हणतेय. गॅरेजमधल्या पोराचे ऑइलनं चिंब कपडे घरी कोण धुतं? वर्षानुवर्षं, उघड्या हातांनी, घासून घासून, त्याच्याच पाण्यात मग घरातले बाकीचे कपडे. इंजिनाच्या ऑइलला बायकांचा हात लागतच आला आहे, फक्त बॉनेटखाली नाही, धुण्याच्या दगडावर. म्हणून ऑइल बदलताना हातमोजे घाला, पिशवी बांधली तरी चालेल, आणि तेच धुणाऱ्या बाईलाही द्या. कपडे वेगळे धुवा. ऑइलची चिंधी खिशात ठेवू नका.

प्रयोगशाळेचा खर्च सगळ्यांना परवडणार नाही, हे मला माहीत आहे. एकेका ट्रॅक्टरला दर वेळी त्याची गरजही नाही. पण पाच-सहा गटांनी मिळून वर्षातून एकदा नमुने पाठवता येतात. आणि कुणी 'इंजिन बांधायला टाका' असं सांगितलं, की तेवढ्या मोठ्या बिलाच्या आधी एक बाटली पाठवणं स्वस्तच पडतं. हा खर्च 'गाडी दुरुस्ती'त नाही, 'हिशेब तपासणी'त धरा, असं मी आमच्या कोषाध्यक्ष बाईंना सांगितलं, तर त्या हसल्या, पण आता धरतात.

उद्या सकाळी साडेसातला अंगणात जीप उभी असेल, तीच, अजून चालते. जुने कपडे घालून या. पदर, ओढणी, मोकळी वेणी, लोंबतं मंगळसूत्र काही नको. पंख्याचा पट्टा फिरत असतो, तो विचारत नाही. सतराचा आणि एकोणीसचा पाना ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणा, आमच्याकडे एकच जोड आहे. टिपकागद मी आणलेत. मागं झोपलेल्या दोघींना आता उठवा, चहा आला वाटतं.